यंत्र मिळाले, श्रवणाचे काय?

प्रौढ वयात श्रवणशक्ती गमावलेल्या माणसाला ‘कॉक्लियर इम्प्लांट’ बसवले की तो दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत ऐकू लागतो, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, तेव्हा कानी पडतो तो बहुधा पत्र्यावर खडे पडावेत तसा खडखडाट. बायको आणि मुलगा यांचे आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. निरोगी कानातील सुमारे 15,000 केसपेशींचे काम येथे 12 ते 22 इलेक्ट्रोडांवर सोपवलेले असते. उरलेले काम मेंदूला करावे लागते. पूर्वी ऐकलेल्या भाषेची स्मृती शाबूत असल्यामुळे तो ते करू शकतो. परंतु त्यासाठी महिनोन्‌महिने रोज सराव हवा, यंत्राची पुनःपुन्हा जुळणी हवी, शिकवणारा तज्ज्ञ हवा. एवढे करूनही गर्दीतले बोलणे आणि संगीत अनेकांना दुर्बोधच राहते.

म्हणजे खरा प्रश्न यंत्राच्या किमतीपुरता नाही, तो वेळेचाही आहे. आणि वेळ ही श्रमिकाजवळची सर्वांत महाग वस्तू आहे. ज्याची रोजी बुडते, त्याने दर पंधरवड्याला जिल्ह्याच्या गावी जुळणीसाठी जायचे कसे? केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून लाखो रुपयांचे हे यंत्र मुलांना दिले जाते, हे स्वागतार्हच आहे. परंतु तिशी-चाळिशीत बहिरा झालेला कमावता माणूस त्या योजनेत बसत नाही. बहिरेपणाचा काळ जितका लांबतो, तितके नव्याने ऐकायला शिकणे सामान्यतः कठीण होते. पैसे जमवण्यात गेलेली वर्षे ही त्यामुळे केवळ प्रतीक्षा नसते, ती हानी असते.

यात शासनाचे एक जुने देणेही आहे. क्षयरोगावर सरकारी दवाखान्यांतून वर्षानुवर्षे दिलेल्या स्ट्रेप्टोमायसीन व कानामायसीनच्या इंजेक्शनांनी जीव वाचवले, पण काही रुग्णांचे कान कायमचे नेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली कानामायसीन न वापरण्याची शिफारस केली. तोवर ज्यांचे नुकसान झाले, त्यांचे काय? क्षय हा प्रामुख्याने गरिबांचा रोग. त्याच्या उपचाराची किंमतही गरिबानेच मोजावी, हा कोणता न्याय?

रोपण हा प्रत्येक बधिर व्यक्तीवर लादायचा उपाय नव्हे. खुणांच्या भाषेत समर्थपणे जगणाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्याला ऐकायचे आहे, त्याचा मार्ग ऐपतीने अडू नये. म्हणून मागणी स्पष्ट हवी : प्रौढांना योजनेत स्थान, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जुळणी व सरावाची सोय, त्या दिवसांची भरपगारी रजा अथवा बुडीत मजुरी, आणि सुट्या भागांचा खर्च शासनाकडे.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे. सभेत मागे गप्प बसलेला साथी उदासीनच असेल असे नाही. कदाचित त्याला ऐकू येत नसेल. त्याच्यासमोर बसून, एका वेळी एकाने, सावकाश बोलावे. एवढ्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.