झोप आली म्हणजे खाज गेली का?

भाईंदरला उन्हाळा तापला, खाडीची दमट हवा आणि लोकलची गर्दी एकत्र आली, की दवाखान्यात खाजेचे रुग्ण वाढतात. बहुतेकांनी औषधाच्या दुकानातून 'खाजेची गोळी' आधीच घेतलेली असते. 'डॉक्टर, यातली भारी कुठली?' हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्या मते आधी विचारावे, खाज कसली?

अंगावर लालसर गांधी उठतात, काही तासांत विरतात, पुन्हा दुसरीकडे उठतात. याला आपण 'पित्त उठले' म्हणतो आणि आम्लपित्ताची गोळी घेतो, आमसुलाचे पाणी लावतो. पोटातल्या पित्ताचा इथे संबंध नाही. त्वचेतल्या पेशींतून हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते, म्हणून खाज येते. या खाजेवर हिस्टामीनविरोधी गोळ्या खरोखर लागू पडतात.

त्यांतल्या क्लोरफेनिरामीन, हायड्रॉक्सिझीन या जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणतात. गुंगी आली म्हणजे औषध जोरदार, ही समजूत चुकीची आहे. हायड्रॉक्सिझीनचे शरीरात सेटिरिझीनच तयार होते. मग सरळ सेटिरिझीन का घेऊ नये? तिनेही काहींना पेंग येते. लोराटाडीन, फेक्सोफेनाडीनने ती सहसा येत नाही. (फेक्सोफेनाडीन पाण्याबरोबर घ्यावी, फळांच्या रसाने तिचा परिणाम घटतो.) रिक्षा चालवणाऱ्याला किंवा इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर बसणाऱ्याला जुनी गोळी देणे मला धोक्याचे वाटते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची तर तिने लघवी अडू शकते.

नायटा आणि खरूज यांचे गणित वेगळे. नायटा बुरशीचा, खरूज किड्याची. तिथे गोळीने रात्री झोप लागते, एवढेच. रोग जागच्या जागी राहतो. त्यावर स्टिरॉइडमिश्रित मलम चोळले की खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. असे डाग बरे करताना आम्हा डॉक्टरांच्या नाकी नऊ येतात. खरजेवर परमेथ्रिनचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावावे आणि आठवड्याने पुन्हा. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज रेंगाळू शकते, तेव्हा घाबरून दुकान बदलू नये.

गांधी सहा आठवड्यांहून अधिक काळ उठत राहिल्या, तर गोळीचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आणि गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर गोळी शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.