पेडणे-डिचोलीत मनाच्या आजाराला घरापाशी आधार हवा

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. थोडं लांब आहे, सवडीने वाचा. जमलं तर घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मनाच्या आजाराला आजवर दोनच नावं होती. माणूस गप्प बसला, जेवेनासा झाला, अंथरुणातून उठेनासा झाला की ‘बाहेरचं काहीतरी’. आणि उलट झालं, म्हणजे रात्र-रात्र झोप नाही, बडबड थांबत नाही, हातातले पैसे वाटून टाकले, तर ‘पिसो’. डिप्रेशन आणि बायपोलर हे शब्द आता मुलांच्या तोंडून घरात आले. पण शब्द आले म्हणून वागणं बदललं, असं काही झालेलं नाही.

आमच्या नात्यात एक काकी होत्या. ओवी गळ्यावर, हाताला चव, वाड्यावर कुणाचंही कार्य असो, त्या पुढे. वर्षा-दोन वर्षांनी मात्र एक काळ यायचा. चूल थंड, केस विंचरलेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. विचारलं तर एवढंच, “कितेंच करपाक मन जायना रे पुता.” डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या, गुणही आला. पण त्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या असायच्या, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. बरं वाटलं की गोळ्या बंद, मग सहा-आठ महिन्यांनी परत तेच. काकांना कुणाकडे बोलायची सोय नव्हती. देवळात गेले तरी “काकी खंय?” म्हणून कुणी विचारील या भीतीने ते आरती झाली की पहिले बाहेर पडायचे.

हे एका घरचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एक घर असेल.

आता मुद्द्यावर येतो. गोव्यात मानसिक आरोग्याची सोय नाही, असं कुणी म्हणू नये. पूर्वी पणजीच्या आल्तिनोवर मनोरुग्णांचं इस्पितळ होतं, त्याला कांदोळीच्या आबे फारियांचं नाव होतं. आज बांबोळीला आय.पी.एच.बी. आहे आणि त्याचा आधार मोठा आहे. पण पेडण्याहून तिथे जायचं म्हणजे म्हापशाला बस बदला, पणजीला बदला, मग बांबोळी. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी. सोबत एक जण हवाच, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. ज्याला अंथरुणातून न्हाणीपर्यंत जाणं जड होतं, त्याने हा प्रवास दर महिन्याला करायचा! बायपोलरच्या अनेक रुग्णांना लिथियम देतात. त्याचं रक्तातलं प्रमाण, शिवाय किडनी आणि थायरॉईड ठरावीक दिवसांनी तपासावं लागतं. प्रवास चुकला की तपासणी चुकते. तपासणी चुकली की धास्तीने गोळी बंद होते. आणि गोळी एकदम बंद झाली की आजार उलटायला वेळ लागत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या १८व्या कलमात स्वच्छ म्हटलंय की मानसिक आजार असलेल्याला उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ मिळावी आणि त्याला घरच्यांसोबत, समाजात राहता यावं अशा तऱ्हेने मिळावी. म्हणजे आपण मागतोय ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आणि हे जमतं, हे आपल्याच गोव्याने जगाला दाखवलंय. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या ‘मानस’ प्रकल्पात आरोग्य क्षेत्राचा अनुभव नसलेल्या पदवीधर मुलींना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. गरज पडली तर गोळ्या डॉक्टर देणार, अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञ बघणार, पण बोलणं, समजावणं, पुढच्या भेटीला का आला नाही याची चौकशी करणं हे काम या मुलींचं. २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी, जिथे समुपदेशक होती तिथे शंभरातले सुमारे ६६ जण बरे झाले होते, जिथे नव्हती तिथे सुमारे ४२. पुढे २०१७मध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची एक पद्धतही इथल्याच आरोग्य केंद्रांत तपासून झाली. माणसाने बंद केलेली छोटी-छोटी कामं, म्हणजे झाडांना पाणी घालणं, शेजारी जाऊन येणं, एकेक करून परत सुरू करायची, हे त्याचं सूत्र. जगभरचे डॉक्टर गोव्याचं हे उदाहरण देतात. मग तेच पेडण्याच्या आणि डिचोलीच्या माणसाला कायमचं का मिळू नये? संशोधनाला मुदत असते, आजाराला नसते. आरोग्य केंद्रात नर्स जशी कायमची असते, तशी समुपदेशकही कायमची हवी, आणि ती इथलीच, आपल्या बोलीत बोलणारी.

पण सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळे, असं चालणार नाही. कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला तरंगांपुढे ‘बाधा’ झालेल्या माणसांना घेऊन येतात. त्यावर हसणारे हसोत. मला त्यात एक गोष्ट मोलाची दिसते: त्या रात्री घरचे आपल्या माणसाला लपवत नाहीत. चार लोकांत आणतात, हाताला धरून उभे राहतात. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, गोळ्या मात्र चालू राहूदेत. माझं म्हणणं एवढंच की जे धैर्य एका रात्री येतं, ते उरलेल्या वर्षात कुठे जातं?

डिचोलीकरांना तर हे जास्तच कळेल. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला परत थांबल्या. दारात उभे ट्रक आणि पडवीवर बसलेले पुरुष आपण बघितलेत. त्यातला प्रत्येक जण आजारी नव्हता, दुःख आणि आजार एक नव्हेत. पण ज्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कामाची इच्छा काहीच राहिली नाही, त्याला आपण “धीर धर” यापलीकडे काय दिलं?

म्हणून सुचवतो. दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए.च्या सभा गोव्यात होतातच. नाव विचारायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, एवढ्या नियमावर माणसं सावरली. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या नातेवाइकांचे असेच गट चालवले. आपल्याकडे वाचनालयं आहेत, देवस्थानांची सभागृहं आहेत, भजनी मंडळं आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास एक खोली द्या. पेडण्यात एक, डिचोलीत एक. रुग्णांनी यावं, घरच्यांनीही यावं. घरच्यांनी तर नक्कीच, कारण सांभाळणाऱ्याला कुणी “तू कसा आहेस?” असं विचारत नाही. बांबोळीला जाणारे चार जण एकाच गाडीने जाऊ शकतील, आणि कुणाच्या गोळ्या संपल्या, कोण दोन महिने दिसलं नाही, हेही कळेल.

आणि लग्नाचं. स्थळ बघताना “घरात कुणाला मनाचा आजार?” असं विचारून पाय मागे घेणारेही आपणच, आणि आपल्या घरातला आजार डब्यात लपवणारेही आपणच. साखरेच्या गोळ्या टेबलावर असतात, त्याच्या शेजारी ही पट्टी ठेवायला काय हरकत आहे?

तोवर एक नंबर घरात लिहून ठेवा. टेली मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी केली तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, आणि फोन लावा.

येत्या देवस्थानच्या किंवा वाचनालयाच्या सभेत कुणीतरी उठून खोलीचा विषय काढा. आमच्या गावात मी काढणार आहे.