उभी गाडी घ्यावी का?

नऊ वर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या मोटारीबद्दल दोन प्रकारची माणसे सल्ला देतात. पहिली म्हणतात, "भंगार आहे, हात लावू नका." दुसरी म्हणतात, "नवी बॅटरी टाका, दोन लिटर पेट्रोल ओता, सेल्फ मारा, चालू होईल." दोघेही गाडीखाली वाकून न बघता बोलतात. त्यातही मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते, कारण त्यांचे ऐकले तर गाडीत जे शाबूत राहिले असेल तेही जाते.

आमच्या घरी हा विषय तीन महिने चालू आहे. बाबांची पोस्टिंग महूला आहे. तिथे एका निवृत्त सुभेदार काकांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडखाली, फियाट पालिओ १.६ जीटीएक्स उभी आहे. २००२ चे मॉडेल, पुण्याचा एमएच १२ नंबर. काका ती चाळीस हजारांना द्यायला तयार आहेत. रविवारच्या फोनवर बाबांनी मला माझे मत विचारले. मी ते त्यांना सांगितले आहे. इथेही लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांची नजर अशा एखाद्या गाडीवर असते, असे बराकीतल्या गप्पांवरून कळले.

ज्यांना पालिओ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे. ही गाडी भारतात २००१ मध्ये आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. बहुतेकांनी १.२ लिटरची घेतली. १.६ लिटरच्या इंजिनला १६ व्हॉल्व्ह होते आणि ताकद १०० हॉर्सपॉवर. त्याच रस्त्यावर तेव्हा मारुती ८०० धावायची, तिची ताकद ३७. म्हणजे बाहेरून घरगुती दिसणाऱ्या छोट्या गाडीत जवळजवळ तिप्पट दम होता. ज्यांनी ती चालवली ते अजून तिचे नाव काढतात. ज्यांनी तिच्या पेट्रोलचे पैसे भरले तेही काढतात.

आता उभे राहण्याने गाडीचे काय होते ते बघू. आपल्याला वाटते की वापरली नाही म्हणजे झिजली नाही. मीटरवर फक्त ६२ हजार किलोमीटर आहेत, असे काका अभिमानाने सांगतात. पण फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड होते, वाटेत हॉल्ट परेड आणि परत आल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, टायर, ब्रेक रोज बघितले जातात. या पालिओची नऊ वर्षांत एकही परेड झालेली नाही. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट थर बसतो आणि इंजेक्टर व पंप अडकतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, मग आतून गंज धरतो आणि पिस्टन जागच्या जागी आवळून बसतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटू शकते. टायर वरून चांगले दिसतात, पण त्यांच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचावेत. या गाडीवर २३१४ आहे, म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, ते रबर आता भरवशाचे नाही. शिवाय उंदीर. वायरिंगच्या आवरणात त्यांना काय चव लागते कोण जाणे.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो रबराचा असतो आणि किलोमीटरने जितका म्हातारा होतो तितकाच वर्षांनीही होतो. सेल्फ मारल्यावर तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात, आणि मग चाळीस हजारांच्या गाडीचे इंजिन उघडावे लागते. म्हणून माझे म्हणणे, विकणारा "चालू करून दाखवतो" म्हणाला तर त्याला हात जोडून थांबवावे. स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे, एक दिवस तसेच ठेवायचे आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचे. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले तर पुढचे बोलणे. अडकले तर जोर लावायचा नाही, नमस्कार करून घरी यायचे.

इतके सगळे यंत्राचे. पण माझ्या मते अशी गाडी यंत्रामुळे कमी आणि कागदांमुळे जास्त बुडवते. खासगी मोटारीचे आरसी पहिली १५ वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००२ च्या गाडीचे आरसी २०१७ मध्ये संपले. नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी होते आणि तपासणीत ती चालती लागते. म्हणजे आधी खर्च करून गाडी उभी करायची आणि मग कागद होतात की नाही ते कळायचे! उशिराचा दंड दर महिन्याला वाढत राहतो. नूतनीकरणाचे शुल्कही पूर्वी ६०० रुपये होते, ते २०२२ मध्ये १५ वर्षांवरील मोटारीला ५,००० झाले. त्यात गाडी महाराष्ट्राची आणि उभी मध्य प्रदेशात, म्हणून पुण्याच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि इथला रोड टॅक्स भरायचा. काकांनी गाडी बँकेच्या कर्जावर घेतली होती. कर्ज कधीच फिटले, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला आहे का, हे त्यांना आठवत नाही. तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

आणि समजा सगळे झाले आणि पुढची पोस्टिंग दिल्लीची आली? तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. त्यानंतर काही सवलती आल्या, पण २००२ च्या गाडीने त्यांच्या भरवशावर राहू नये.

पोस्टिंग हा मुद्दा बाहेरचे लोक धरत नाहीत. ज्यांचे स्वतःचे घर आणि अंगण आहे ते प्रोजेक्ट गाडी पाच वर्षे उघडी ठेवू शकतात. आपल्याकडे ऑर्डर आली की सामान काळ्या ट्रंकांत भरायचे आणि निघायचे. इंजिन एका पेटीत, सीट पलंगाखाली आणि सांगाडा विटांवर, अशी गाडी कोणत्या ट्रकवर चढवणार? बाबांचे महूचे अजून साधारण दीड वर्ष आहे. म्हणून माझी अट अशी की दीड वर्षात गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रेलरवर चढेल एवढी तयार होणार असेल तरच घ्यावी. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम हे सगळे नंतर. आधी ब्रेक, बेल्ट, टाकी, नळ्या. नळ्या मुद्दाम म्हणतो, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २००२ चे रबर त्यासाठी बनवलेले नाही.

आईचा विरोध साधा आहे. चाळीस हजार गाडीचे, मेकॅनिकने सांगितलेले ऐंशी हजार, वर कागद. एवढ्यात चालती जुनी गाडी मिळते आणि ती दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाते. आईचा हिशेब बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पैसे वाचवायचे असतील तर उभी गाडी कधीच घेऊ नये. ती घ्यायची तर काम करण्याच्या आवडीसाठी घ्यायची, आणि ती आवड कोणाची आहे हे आधी ठरवायचे.

इथे मला बाबांशी थोडे स्पष्ट बोलावे लागले. ते म्हणतात, "आपण दोघे मिळून करू." मला हे ऐकून खूप बरे वाटते. पण मी कॅलेंडर घेऊन मोजले. उन्हाळा, दिवाळी आणि हिवाळा धरून मी वर्षात जेमतेम नव्वद दिवस घरी असतो. त्यातले काही गावी आजीकडे जातात, आणि जायलाच हवेत. उरलेले दिवस बाबा एकटेच शेडमध्ये असणार, बहुधा ड्यूटीवरून दमून आल्यावर. शिवाय मी पंधरा वर्षांचा आहे. लायसन्सला तीन वर्षे आहेत, आणि तेव्हा देवाच्या कृपेने एनडीएत असलो तर तिथे सायकल मिळते, पालिओ नाही. त्यामुळे गाडी माझ्यासाठी घेऊ नका, असे मी सांगितले. मी नसतानाही मंगळवारी संध्याकाळी तुम्हाला तिच्याखाली झोपावेसे वाटणार असेल, तर घ्या. मग सुट्टीत मी पाने द्यायला आहेच, आणि सुटे भाग शोधायला कुर्ल्याच्या भंगार बाजारातही येईन. गाडी जिथे जन्मली तिथेच तिचे भाग मिळावेत, हे मला गमतीचे वाटते.

माझा सल्ला शेवटी असा झाला. पूर्ण पैसे आत्ता देऊ नका. आधी काकांनी बँकेचा बोजा उतरवावा आणि पुण्याला ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. ते कागद हातात येतील तेव्हा तुम्ही प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. दिवाळीपर्यंत दोन्ही झाले तर होय, एकही अडले तर नाही. आईलाही हे मान्य आहे, फक्त तिने "दिवाळी म्हणजे दिवाळी, होळी नाही" असे बजावले.

बाबा फोनवर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुलीच्या बोल्टला कितीचा पाना लागतो, बघून ठेवतो."