वाडीचे फाटक

समुद्राकाठची एखादी लहानशी खाजगी बाग वर्षातून एखाददुसरा दिवस परक्यांना पाहू द्यावी, फाटकावर तिकीट लावावे, आत चहा आणि केक विकावा आणि जमलेली सारी रक्कम धर्मादाय कामाला द्यावी, ही पद्धत मूळची इंग्लंडमधली होय. घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी कसा उभारावा, असा प्रश्न तेथील एका परिचर्या संस्थेपुढे १९२६ साली उभा राहिला, तेव्हा संस्थेच्या कार्यकारिणीवरील एल्सी वॅग या बाईंनी ही कल्पना सुचविली. १९२७ च्या पहिल्याच मोसमात ६०९ बागा उघडल्या गेल्या, माणशी एक शिलिंग घेतला गेला आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन या परिचारिकांचा भार सरकारने उचलला, तरी बागा उघडण्याची रीत काही बंद पडली नाही. निधीचे धनी तेवढे बदलले.

आपल्याकडे डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला २०१३ पासून चिकू महोत्सव भरू लागला, मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांची रीघ वाढली आणि पाहुण्यांना वाड्यांतून फिरवून आणण्याचाही प्रघात पडला. तेव्हापासून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी अशी सूचना करतोच, की नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातल्या वाड्यांनी इंग्लंडचा कित्ता गिरवावा आणि एखाद्या सत्कार्यासाठी आपली फाटके उघडावीत. चांगल्या सूचनेत खोट काढण्याची या सदराची खोड नित्य वाचकांच्या परिचयाची आहे. ती याही आठवड्यात सुटलेली नाही.

पहिली अडचण अशी, की डहाणूची वाडी ही पाहण्यासाठी लावलेली बाग नव्हे. वाडी म्हणजे या भागात कुंपण घातलेली, विहिरीच्या पाण्यावर पोसलेली फळझाडांची जमीन. मालकाचे घर तीत असलेच तर ते झाडांच्या पोटात दडलेले असते आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही सुरूच्या रांगांमागे झाकलेला असतो, कारण खारा वारा थेट आत येऊ देणे कोणत्याच बागाईतदाराला परवडत नाही. चिकूची भारतातील पहिली पद्धतशीर लागवड १८९८ साली घोलवडला झाली, अशी नोंद फळशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. पुढे इराणातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी आणि स्थानिक बागाईतदारांनी ती वाढवली, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकनही मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील माती आणि हवेमुळेच त्या मालाला विशिष्ट गुण येतो ही गोष्ट कायद्याने मान्य झाली. येथे मुख्यतः कालीपत्ती ही जात लावतात. तिचे कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे चिकूच्याच कुळातल्या पण फार काटक अशा झाडाच्या रोपावर बांधलेले असते, आणि दोन झाडांत साधारण तीस फुटांचे अंतर राखतात. परिणामी वाडीत शिरलेल्या पाहुण्याला जे दिसते ते असे : एक गर्द हिरवे झाड, त्यापलीकडे तसेच दुसरे, त्यापलीकडे तसेच तिसरे, आणि खाली वाळका पाला. चिकूला फूल येते, परंतु ते बोटाच्या पेराहून लहान, मळकट पांढरे, पानांच्या झुबक्याखाली मान घालून लोंबणारे असल्यामुळे ज्याला ते मुद्दाम दाखवावे त्यालाही ते कळी वाटते. अशा ठिकाणी छायाचित्र कोठे काढावे हा प्रश्न पाहुण्यांना पडतो आणि तो सोडविण्यासाठी मग बांबूची कमान, रंगवलेली बैलगाडी आणि वारली चित्रांची भिंत उभी राहते.

दुसरी अडचण पाहुण्याच्या हाताची. आंबा किंवा पेरू झाडावरून तोडून तेथेच खाता येतो. चिकू तसा खाता येत नाही, कारण हे फळ झाडावर तयार होते, मऊ होते ते मात्र उतरवल्यानंतर चार-सहा दिवसांनी. तयार झालेले फळ ओळखण्याची खूण वाडीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटात असते : फळावरचा तपकिरी भुसा हाताने सहज झडला पाहिजे, आणि नखाने किंचित ओरखडा काढला असता आत हिरवे न दिसता बटाट्यासारखा पिवळसर रंग दिसला पाहिजे, हिरवे दिसले आणि पांढरा चीक आला, तर ते फळ अजून झाडाचे आहे असे समजून हात मागे घ्यायचा असतो. शहरातून आलेला गृहस्थ यातले काहीही न करता हाताला येईल ते फळ पिळून तोडतो, शर्टाला पुसतो, चावतो, ओठ चिकाने चिकटले म्हणजे “हे कसले हो गोड?” असे मालकालाच विचारतो, आणि उरलेले फळ पाल्यात फेकून पुढच्या झाडाकडे वळतो, बहुधा ते गोड निघेल या आशेने. उंच फांदीवरचा एकेक चिकू लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीत अलगद उतरवून घेणाऱ्या माणसाच्या देखत हे चालते, आणि त्या माणसाने काही बोलायचे नसते, कारण पाहुण्याने तिकीट काढलेले असते.

येथे एक आनुषंगिक मुद्दा नोंदवणे आवश्यक वाटते. इंग्लंडच्या योजनेचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे वर्षाचे उरलेले दिवस बाग बंद असते आणि ती बंद आहे हे सर्वांना मान्य असते. उघडण्याला किंमत येते ती त्यामुळे. महाराष्ट्रातील कोणत्याही गावात वा उपनगरात ज्यांच्या अंगणात जास्वंद, तगर किंवा सोनचाफा आहे त्यांना हे गृहीत हास्यास्पद वाटेल. त्यांची बाग रोज पहाटे साडेपाचला विनातिकीट उघडते. कानटोपी घातलेले, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवलेली काठी घेतलेले एक सद्गृहस्थ कुंपणावरून फांदी ओढतात, उमललेली तर नेतातच पण उद्याच्या कळ्याही सोडत नाहीत, आणि घरच्या बाईने खिडकीतून हटकले तर जराही न ओशाळता सांगतात, “देवाला वाहायचीत, वहिनी, घरी थोडीच ठेवायचीत!” या उत्तरापुढे आजवर कोणाही घरमालकाचे काही चाललेले नाही. परिणामी फुलझाडे एकाची, फुले दुसऱ्याची आणि पुण्य तिसऱ्या ठिकाणी जमा, अशी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालू आहे.

या गृहस्थांना ठाऊक नसले तरी त्यांच्या पाठीशी फार जुना आधार आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘स्तेय’ म्हणजे चोरी, या सदराखाली जे अपवाद सांगितले आहेत त्यांत फुले ठळकपणे येतात. याज्ञवल्क्यस्मृतीने द्विजाला, म्हणजे उपनयनाचा अधिकार असलेल्या तीन वर्णांतील पुरुषाला, गवत, सरपण आणि फुले कोठूनही केव्हाही घेण्याची मुभा दिली आहे. मनुस्मृतीने झाडांची मुळे व फळे, अग्नीसाठी लाकूड आणि गाईच्या घासापुरते गवत घेणे ही चोरी नव्हे असे म्हटले आहे. यांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या गौतमधर्मसूत्राने मात्र एक बारकावा घातला आहे, आणि तो बागाईतदाराच्या दृष्टीने लाखमोलाचा आहे : वेलींची व झाडांची फुले आपलीच समजून खुशाल घ्यावीत, परंतु फळे घ्यायची ती ज्यांना कुंपण नाही अशाच झाडांची. याचा अर्थ कुंपण हा केवळ गुरे अडवण्याचा उपाय नसून शास्त्राच्या अपवादाला घातलेला अपवाद आहे. वाडीला निवडुंगाचे, शेराचे किंवा मेंदीचे कुंपण घालणाऱ्यांपैकी कोणी गौतम वाचला असेल असे नव्हे. पण ज्याने चिकू कुंपणाच्या आत आणि जास्वंद कुंपणावर लावली, त्याने सूत्राचे तात्पर्य नेमके ओळखले होते, यात शंका नाही.

या मुभेचा लाभ कोणाला होता हेही पाहिले पाहिजे. स्मृतींनी सरपण आणि गवत मोकळे ठेवले ते यज्ञ करणाऱ्यासाठी आणि गाय बाळगणाऱ्यासाठी. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत जे वारली आदिवासी काटकी-कुडाच्या घरांत राहत होते आणि सरपण, गवत, मोहाची फुले यांवाचून ज्यांचा एक दिवस सरत नव्हता, त्यांच्याबाबत कायद्याने नेमकी उलट भूमिका घेतली. १८७८ चा आणि नंतर १९२७ चा भारतीय वन अधिनियम यांनी राखीव जंगलात झाड तोडणे, गुरे चारणे, वनोपज उचलणे या गोष्टी अपराध ठरवल्या. म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडमधल्या ६०९ धनिकांनी परिचारिकांसाठी आपापली फाटके उघडली, त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या जंगलाचे फाटक कलमवार लावून घेण्यात आले. हा योगायोगच आहे, आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण डहाणूत बसून धर्मादाय बागेचा विचार करणाऱ्याला तो टाळता येण्याजोगा नाही.

वाडीच्या फाटकातून वारली माणूस रोज आत जात होता आणि आजही जातो, तो पाहुणा म्हणून नव्हे. जमीनदार आणि सावकार यांच्या जमिनींवर वेठ, म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोंनी वर्षानुवर्षे राबत राहावयाची ‘लग्नगडी’ नावाची गुलामगिरी या भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. आज तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी या गावी मे १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात दिली आहे.

त्याच १९४५ सालात झरीपासून फार दूर नसलेल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. फाटकाच्या प्रश्नाला इंग्लंडच्या योजनेहून कितीतरी मूलगामी उत्तर या दोघींनी शोधले, असे या सदराचे मत आहे. शाळा उघडी ठेवली, शुल्क घेतले नाही, तरी गरीब वस्तीतली मुले येत नाहीत हे ध्यानात येताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी नावाची गोष्ट जन्माला आली. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर असे दिसले, की थोडी मोठी मुले गुरांमागे रानात असतात. तेव्हा शिक्षकाने गुरांच्याच मागे जावे आणि गवतावर बसून शिकवावे अशी ‘कुरणशाळा’ काढण्यात आली. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणी आणि रंग शिकवले गेले, म्हणजे समुद्राकाठची बाग मुलांना पाहायला न बोलावता तीच मुलांच्या ओंजळीत देण्यात आली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. बोर्डीत पर्यटकांना वाट दाखवणारे फलक पुष्कळ आहेत. अंगणवाडीचा उगम येथला, हे सांगणारा एखादा ठसठशीत फलक त्यांत असता तर बिघडले नसते.

मूळ सूचनेकडे वळायचे, तर ती अगदीच टाकाऊ आहे असे नाही. परिचारिकांचे उदाहरण तर येथे फार चपखल बसते. डहाणू आणि तलासरीच्या आतल्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि तिच्याबरोबर चालणारी जी आशा कार्यकर्ती असते तिला नोकरदाराचे वेतन नव्हे तर मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. वाडीवाल्यांना एक दिवस द्यायचाच असेल तर तो तिच्या नावे द्यावा, केकऐवजी पुदिना आणि गवती चहा घातलेला पारशी पद्धतीचा चहा ठेवावा, तिकिटाबरोबर प्रत्येकाला पाच दिवसांपूर्वी उतरवलेला एक मऊ चिकू हातात द्यावा म्हणजे झाडावरच्या फळांचा जीव वाचेल, आणि वाडी दाखवण्याचे काम मालकाने न करता नखाने चिकूची परीक्षा करणाऱ्या माणसाकडे सोपवावे, अर्थात त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, या गोष्टीचाही उल्लेख त्याने करावा, कारण याच तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या चर्चेत वाड्या अजून उभ्या का आहेत हे सांगायचे राहून जाते.

एवढी पथ्ये पाळणारी वाडी सापडेपर्यंत उत्साही मंडळींनी घोलवड स्थानकावर उतरून बोर्डीपर्यंत पायी जावे. तिकीट पश्चिम रेल्वेचे तेवढे लागते, आणि कुंपणाबाहेरूनही वाडी पुष्कळ दिसते. जास्वंद पाहायची असेल त्यांनी मात्र पहाटेची गाडी धरावी, कारण सातनंतर ती देवाकडे गेलेली असते.