प्रायमरचा डबा आधी वाचा

मेहकर-लोणार रस्त्यावरच्या सुलतानपूरसारख्या गावात ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवायची म्हणजे आधी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात. या नावाने मिळणाऱ्या काही डब्यांत झिंक क्रोमेट असते. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम फवाऱ्यातून फुप्फुसात गेले, तर कर्करोगाचा धोका असतो. धोका शिशाचाही आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. वाहनांचे रंग मात्र त्या नियमाबाहेर. ही पळवाट सरकारने बुजवलीच पाहिजे. तसेच दोन घटक मिसळून वापरायच्या काही टू-के प्रायमरच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याची वाफ अडवत नाही. दुकानदाराने डब्यासोबत मराठीत सुरक्षा माहितीपत्रक द्यावे. गॅरेजमालकाने ते वाचल्याशिवाय कारागिराच्या हाती स्प्रेगन देऊ नये.