बसऱ्याच्या न्यायसभेतील अपुरा निवाडा

दहाव्या शतकात बसरा नगरीतील ‘इख्वान अस्-सफा’ या विचारवंतांच्या मंडळाने लिहिलेल्या प्रबंधांत एक विलक्षण न्यायकथा आहे. जिन्नांच्या राजापुढे पशुपक्षी फिर्याद मांडतात : आम्हाला दास करण्याचा अधिकार माणसाला दिला कोणी? माणूस आपले रूप, बुद्धी, कलाकौशल्य पुढे करतो. प्राणी एकेक दावा खोडून काढतात. अखेरीस माणूस जिंकतो तो एकाच मुद्द्यावर. त्याला परलोकी चिरंतन जीवन आहे, पशूला नाही!

इस्लामी तत्त्वज्ञान पशूला जड वस्तू मानते, असे सरसकट बोलणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी. कुराणाचा सहावा अध्याय पशुपक्ष्यांना माणसांसारखेच समुदाय म्हणतो. लांडग्याचे वैर डोळ्यांना दिसत नाही, तरी मेंढीला ते उमगते, हे इब्न सिनाने (मृत्यू १०३७) दाखवून दिले. सतराव्या शतकात देकार्त पशूला यंत्र ठरवीत होता, त्याच काळात इराणात मुल्ला सद्रा कल्पनाशक्ती असलेल्या प्राण्यांचा आत्मा देहानंतरही उरतो, असे प्रतिपादन करीत होता.

पण एवढ्यावर टाळ्या पिटणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मुअतझिली पंथाचे विचारवंत म्हणत, ईश्वर न्यायी आहे, म्हणून पशूच्या वेदनेची भरपाई परलोकी होईलच. उत्तम! मात्र भरपाई परलोकी मिळणार, म्हणून इहलोकीचे क्रौर्य क्षम्य ठरते काय?

२००३ साली ऑस्ट्रेलियातून निघालेल्या ‘कॉर्मो एक्सप्रेस’ जहाजावरील सुमारे ५७ हजार मेंढ्या सौदी अरेबियाने रोगाचे कारण देऊन नाकारल्या. कित्येक आठवडे त्या समुद्रावर उन्हातान्हात राहिल्या. पाच हजारांहून अधिक मेल्या. विकणारे ऑस्ट्रेलियन, घेणारे अरब. लांडग्याचे वैर जाणणाऱ्या मेंढीला त्या जहाजावरील यातना जाणवल्या नसतील, असे कोणता तत्त्वज्ञ म्हणेल?

उत्तर त्याच परंपरेत आहे. इझुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) या धर्मशास्त्र्याने पशूंचे हक्कच नोंदवून ठेवले : चारा-पाणी द्यावे, पेलणार नाही असे ओझे लादू नये, जनावर म्हातारे वा आजारी झाले तरी त्याला पोसावे. त्याने पशूच्या अमरत्वाचा दाखला मागितला नाही. त्याची गरज पुरेशी मानली.

ज्याला वेदना कळते, त्याचा न्याय येथेच व्हावयास हवा. आत्म्याच्या अमरत्वाचा वाद पंडितांनी खुशाल चालू ठेवावा. तहानलेल्या पशूला पाणी मात्र आजच पाजले पाहिजे.