हुनर आहे, कागदही हवेत

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझं काम चुकलं तर पुन्हा दुरुस्त करता येतं. मलकापुरात घरोघरी वायरिंग करणाऱ्या माझ्या दोस्ताचं चुकलं तर जीवावर बेततं. आयटीआय करून तो स्वतःच्या हिमतीवर कमावतो. पण मजुरी उधार राहते आणि शिडीवरून पडला तर घरची चूल अडते.

मित्रांनो, हुनर आपल्याकडे भरपूर आहे, कागद कमी पडतात. वायरमनचा परवाना काढा. मजुरी आधीच लिहून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण आहे. फॉर्म बँकेत मिळतो. शिकलेल्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या एका तरी कारागिराला तो भरून द्यावा. मी दोस्तापासून सुरुवात केली.